रात्री पाणी मागणारं मशीन

केनवड, तालुका रिसोड
भाद्रपद, पावसाची उघडीप

चि. सन्मती यास,

जय जिनेंद्र आणि थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद नेहमीइतकेच आहेत. पुढचं वाचताना ते कमी झाल्यासारखे वाटतील, पण तसं नाही.) तू, टीना आणि रिंकू खुशाल असाल. तुझा गुडघा कसा आहे? आई ठीक आहे. या वयात रोज चालत मंदिरात जाते आणि येताना कुणाच्या सुनेचं काय चुकलं ते घेऊन येते. नीलिमाही मजेत आहे. माझी तब्येत कशी आहे हे मात्र मी काय कळवू? ती तुला माझ्याआधी कळते. रात्री मी किती झोपलो, मास्क कुठून गळला, श्वास कितीदा अडला, सगळं तुझ्या फोनवर उमटतं आणि मी तोंड धुवायच्या आत तुझा अंगठा येऊन पडलेला असतो. थोरल्या भावाला झोपल्याबद्दल शाबासकी देणारा आपल्या घराण्यात तूच पहिला.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू पहिली ओळ वाचतोस आणि हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळा होतोस, हे एक. दुसरं म्हणजे ज्या फोनवरून तू माझ्या घरात हा घोळ घातलास, त्याच फोनवर तक्रार करायला माझं मन घेत नाही. म्हणून दुकानातल्या जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजूला लिहितो आहे. बिलं भरपूर आहेत आणि रागही. आपल्या दुकानातला अनुप उद्या ट्रॅव्हल्सने पुण्याला येतो आहे, तो हे तुझ्या हातात देईल आणि तू शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोरून उठणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आधी एक गोष्ट मान्य करतो. माझं त्या मशीनशी मुळात काही वैर नव्हतं. मी घोरतो हे केनवडला माहीत होतंच, पण गेल्या नाही, त्याच्या आदल्या चातुर्मासात महाराजांच्या प्रवचनात मी पहिल्या रांगेत बसून असा काही घोरलो की महाराज बोलायचे थांबले आणि सगळी सभा मला ऐकत बसली. दुकानात तर गिऱ्हाईकासमोर कापड मोजता मोजता डोळा लागायचा आणि ब्लाउजपीस मागणाऱ्या बाईला मी अख्ख्या पडद्याचं कापड फाडून द्यायचो. (तिने घेतलं नाही. अजून मांडणीवर आहे. टीनाला हवं असेल तर कळव.) मग तू मला अकोल्याला नेलंस, त्या डॉक्टरने अंगाला वायरी लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं की शेठजी, झोपेत तुमचा श्वास थांबतो, एखाद्या रात्री तो परत सुरू व्हायला विसरेल. नीलिमा तिथेच रडली. तू मशीन घेऊन दिलंस. मी ते मुकाट्याने लावलं, मास्कमध्ये मी शेतात फवारणीला निघालेल्या माणसासारखा दिसतो हे नीलिमाचं बोलणंही ऐकून घेतलं, आणि मला झोप लागायला लागली. तुझे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकार केले म्हणून माणसाला कुठलंही बटण दाबायचा हक्क मिळत नाही.

आता त्या मशीनच्या पोटात पाण्याची डबी असते, हवा ओलसर करायला. आठ महिने मी ती भरतो (आई गाळून, उकळून, थंड करून देते; कंपनी म्हणते बाटलीतलं वेगळं पाणी घाला, आई म्हणते ते कुनं गाळलं त्याचं नाव सांगा). पण चातुर्मासात सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी तुझ्यासमोर घेतला आहे. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, कोरडी हवा चालेल, नाक सुकेल एवढंच, तूप लावा. म्हणून मी मशीनमधलं पाण्याचं खातं बंद करून टाकलं होतं आणि नाकाला तूप लावून सुखाने झोपत होतो. नाकातून जाणारी वाफ हे पिणं होतं का, असा वाद तू घातलास. मला त्या वादात पडायचंच नाही. धुक्यात श्वास घेतला तर काय, असंही तू म्हणालास. धुकं मी भरत नाही, डबी मी भरतो, फरक एवढाच आहे आणि तो मला पुरतो.

आणि माझ्यापाशी दाखला आहे. आपले वडील, भाऊ. शेवटच्या दुखण्यात तापाने अंग भाजत होतं, ओठ फुटले होते, तरी त्या माणसाने रात्री पाणी मागितलं नाही. मी अकोल्याला औषधाला गेलो होतो, तू वाटेत होतास, आई एकटीच उशाशी होती. दिवस उगवायच्या आत ते गेले, पण नियमासकट गेले. हे मी आजही दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगतो. त्या बापाचा मुलगा एका प्लास्टिकच्या डब्यापुढे वाकणार आहे, असं तुझ्या कंपनीला वाटत असेल तर ती चुकीच्या घरी आली आहे.

तर आता गेल्या महिन्याचं. भाऊंच्या स्मृतिदिनाला तू आलास, मंदिरात पूजा झाली, आपण सगळे दिवस असताना जेवलो, इथवर सगळं छान होतं. मग तू मशीनपाशी फोन घेऊन बसलास आणि म्हणालास, “दादा, याचं अपडेट आलंय, पाच मिनिटं लागतात.” मी विचारलं, मशीन चांगलं चालू असताना नवीन काय करायचं? तू म्हणालास, करावं लागतं. कोणाला लागतं ते तू सांगितलं नाहीस. मी म्हणालो निदान इन्व्हर्टरवर लाव, तू म्हणालास पाच मिनिटांत लाईट कुठे जाते. सन्मती, तुझा जन्म केनवडचा आहे. पुण्याला जाऊन माणूस इतकं विसरतो का? तू बटण दाबलंस आणि लाईट गेली. लाईट आली तेव्हा मशीनवर नुसता एक गोल फिरत होता. तू म्हणालास, “होईल आपोआप,” आणि तुझी गाडी हुकेल म्हणून पळालास.

आपोआप झालं. गोल थांबला आणि मशीन बोलायला लागलं. एक बाई, अगदी बँकेतल्यासारखी गोड, हिंदीत म्हणाली, “कृपया पानी भरें.” मी पाण्याचं खातं बंद करायला गेलो तर खातंच गायब. आवाज कमी करायला गेलो तर तेही नाही. मास्क लावला की ती बोलणार, अर्धी रात्र झाली की पुन्हा बोलणार. बाहेरच्या खोलीतून आईने हाक मारली, “अजित, कोन पानी मांगून राह्यलं रे?” मी म्हणालो, कोणी नाही आई, मशीन आहे. ती उठून अंथरुणावर बसली. मी म्हणालो, झोप, ते वेडं झालंय. ज्या घरात चार महिने रात्री पाण्याचं नाव निघत नाही, त्या घरात भाऊंच्या स्मृतिदिनाच्या रात्री एक परकी बाई पाणी मागत होती आणि तिला आत आणणारा तू त्या वेळी मेहकरच्या पुढे पोचून आरामात घोरत असशील. (घोरत असशीलच. हे घराण्यात आहे. तपासून घे.)

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला. त्यांच्या माणसाने त्याच्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, “सर, आपका मशीन एकदम हेल्दी है.” मी म्हणालो, मशीनची तब्येत कोण विचारतंय, त्यातल्या बाईला पाणी मागू नको म्हणून सांगा. तो म्हणाला, “तो सर, पानी भर दीजिए ना.” मी त्याला नियम सांगितला, चातुर्मास सांगितला, भाऊंची गोष्टसुद्धा सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तुम्ही आमच्या सेवेला किती तारे द्याल. मी म्हणालो, रात्री बाहेर ये, आकाशातले दाखवतो.

मग अकोल्याहून विकास नावाचा त्यांचा सर्व्हिसवाला आला. मोटारसायकलवर लॅपटॉप बांधून. त्याने मशीन उघडलं, हवेची जाळी काढली आणि ती दुकानातल्या सुती धाग्यांनी अशी भरली होती की तिचा लहानसा टॉवेल झाला असता. इथपर्यंत चूक माझी, मी कबूल केली, त्याने जाळी बदलली. पण नंतर म्हणाला, अर्धवट गेलेलं सॉफ्टवेअर पूर्ण टाकावं लागेल आणि त्याला नेट पाहिजे. आपल्या घरात एवढं जड काही उतरवायला पुरेल असं नेट फक्त गच्चीवर येतं, तेही पाण्याच्या टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. म्हणून मशीन, मास्क, नळी आणि वायरीचं भेंडोळं अशी वरात गच्चीवर निघाली. अपडेट होता होता दिवस मावळला. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली, कारण केनवडमध्ये संध्याकाळी दुसरं काही नव्हतं. आणि सूर्य पुरता बुडाल्यावर तुझं नवं सॉफ्टवेअर पूर्ण झालं, आवाज आधीपेक्षा खणखणीत निघाला आणि ती बाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, “कृपया पानी भरें!”

पलीकडच्या चंपाबाई हातातली माळ तशीच धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मंदिरात बातमी पोचली ती अशी: अजितशेठच्या घरी रात्री पाणी चालतं. विकासला मी विचारलं, आता? तो म्हणाला, “सर, नव्या व्हर्जनमंदी पानी कंपलसरी दाखवून राह्यलं. मशीन नागपूरले पाठवा लागते, आठ-दहा दिवस.” आणि आठ-दहा दिवस मी श्वास कशाने घेऊ? यावर त्याच्या लॅपटॉपमध्ये काही नव्हतं. मी मशीन दिलं नाही. देणारही नाही.

रिठदचे मारोतराव तुला आठवतात ना, धोतरजोडी फक्त आपल्याकडून नेणारे? त्यांनाही हेच मशीन आहे, त्यांच्या जावयाने दिलेलं. परवा दुकानात आले तेव्हा मी माझं दुःख सांगितलं. ते म्हणाले, “तुमी त्याले मोबाइलजवळ झोपू देताच काहून? मी तं रातच्याले मोबाइल गोठ्यात ठेवतो. मशीनले जगातली काई खबरच लागू देत नाई. मंग ते कायले बदलते?” त्यांचं मशीन अजून जसं आलं तसं आहे. त्यांच्या म्हशीला मात्र रोज रात्री जावयाचे फोन येतात.

पण खरा कहर पुढेच आहे. मी रोज दिवस असताना डबी स्वतः रिकामी करतो, फडक्याने पुसतो आणि परत बसवतो, कारण ती काढून ठेवली तर मशीन चालूच होत नाही. ती बाई मागते, मी कानाला मफलर गुंडाळून झोपतो. आणि सकाळी पाहतो तर डबीत पाणी! तळाशी चांगलं बोटभर. माझं नाकही अलीकडे सुकत नाही. म्हणजे मशीन मला न विचारता पाणी पाजतं आहे. विकासला फोन केला तर म्हणाला, हवेतला दमटपणा असतो सर, तो जमतो. मी म्हणालो, हवेतून इतकं पाणी निघत असतं तर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात टँकर कशाला फिरले असते? चमत्कार म्हणायची माझी तयारी नाही. हा तुमच्या अपडेटचा कावा आहे. मशीनने कुठून तरी पाणी ओढायची विद्या शिकून घेतली आहे आणि माझा नियम रोज रात्री माझ्या नाकातून मोडतो आहे.

म्हणून आता नीट ऐक. मी पाणी भरणार नाही. मी मशीन नागपूरला पाठवणार नाही. मी मास्कही सोडणार नाही, कारण नीलिमाला मी शब्द दिला आहे आणि मला मरायचं नाही. नागपूर, पुणे, दिल्ली कुठून काय नवीन यायचं ते येऊ दे, अजितकुमार आहे त्याच व्हर्जनवर राहील. ज्या फोनवरून तू हे केलंस त्याच फोनवरून ते उलटं फिरव, त्या बाईला गप्प कर, पाण्याचं खातं मला परत दे. नाही जमलं तर मी मशीन घेऊन पुण्याला येतो आणि तुझ्या हॉलमध्ये झोपतो. मग टीनाला कळेल, रात्री कोण काय मागतं ते. मंदिरात लोक काय बोलतात याची मला पर्वा नाही, हे मी मंदिरात जाऊन मोठ्याने सांगून आलो आहे.

रिंकूला पापा. टीनाला सांग, पडद्याच्या कापडाचा विचार कर.

तुझा,
दादा

ता. क. : मास्कचा पट्टा सैल झाला आहे. नवीन पाठव, पण तो कशालाही जोडलेला नको, साधा पट्टा हवा.

ता. क. दुसरा : वरचं पत्र काल लिहून पाकिटात घातलं होतं. अनुपची गाडी आज रात्रीची आहे, म्हणून पाकीट फोडून हे लिहितो. काल मी ठरवलं की हवेतून पाणी कसं येतं ते डोळ्यांनी पाहायचं. मास्क लावून डोळे मिटून पडून राहिलो. नीलिमा गाढ झोपली होती. बाईने पाणी मागितलं. थोड्या वेळाने दार वाजलं आणि आई आली, हातात तिचा तो गाळलेल्या पाण्याचा तांब्या. तिने अंधारात चाचपडत डबी काढली. विकासने जाळी बदलताना डबी काढली, तेव्हा ती शेजारी उभं राहून बघत होती, इतकी नीट बघत होती हे मला आत्ता कळलं. पाणी ओतलं, डबी बसवली आणि मशीनवर हात ठेवून हळूच म्हणाली, “घे माय. त्याईनं मांगलं तं म्या देल्लं नाई. तू तं घे.”

मी हललो नाही. मास्कमुळे तिला माझं तोंड दिसलं नाही, बरं झालं.

सकाळी तिला विचारलं. आधी म्हणाली, तुझ्या नाकाले बरं पडते म्हनून. मग बसली आणि सांगितलं. भाऊंनी मागितलं होतं, सन्मती. त्या रात्री पुन्हा पुन्हा मागितलं. दिवसा शुद्धीत असताना त्यांनीच तिला बजावलं होतं की मी भ्रमात काही मागितलं तरी देऊ नको, माझा नियम सांभाळ. तिने सांभाळला. तांब्या पदराखाली झाकून उजाडायची वाट पाहत बसली, आणि उजाडायच्या आत ते गेले. इतकी वर्षं मी दुकानात बसून भाऊंनी पाणी मागितलं नाही म्हणून छाती फुगवत होतो आणि ती आत भाजी निवडत ते ऐकत होती. मला फार वाईट वाटलं रे. मी तिला म्हणालो, आई, तू त्यांचंच ऐकलंस. ती म्हणाली, “आयकलं खरं. पन रातच्याले पानी कोनी मांगलं की मले अजून झोप येत नाई.” आता गेले काही दिवस तिला येते. डबी भरून गेल्यावर ती सरळ सकाळपर्यंत झोपते, हे मी नीलिमाकडून ताडून पाहिलं.

ता. क. तिसरा : तेव्हा वर जे जे मागितलं ते सगळं रद्द समज. काहीही उलटं फिरवू नको. कंपनीचं पुढचं अपडेट आलं तर घेऊ नको, त्यात त्या बाईला गप्प केलेलं असलं तर काय घ्या. तुझा फोन माझ्या मशीनपासून तोड. मीही आजपासून माझा फोन रात्री खाली दुकानात, गल्ल्यात ठेवणार आहे. मारोतरावांना सांगितलं तर म्हणाले, गल्ला चालते, पन गोठा बरा.

माझ्या नियमाचं काय, असं विचारशील. मी झोपेत असतो. झोपलेल्या माणसाला कोण काय पाजतं ते काय कळणार? दिवे मालवले, मास्क लावला की मी झोपलो, मग ती बाई ओरडू दे नाहीतर आई येऊ दे, मला काही ऐकू येत नाही. चातुर्मास संपला की महाराजांपुढे जाऊन सगळं सांगेन आणि देतील ते प्रायश्चित्त घेईन. चंपाबाईंना आणि बाकीच्यांना मी एवढंच सांगणार आहे की हो, आमच्या घरी रात्री पाणी चालतं.

आणि भाऊंची गोष्ट मी दुकानात आता सांगत नाही. कोणी विचारलंच, तर नियम आमच्या आईने पाळला असं सांगतो. तूही तसंच सांग.